छातीच्या हाडाची जागा

"काका, ह्याचं वरचं टोक कुठलं?"

मुलीने छातीचं हाड उलटं धरलं होतं. हाडेकाकांनी ते हलकेच सुलटं केलं.

"टाय आठवा, डॉक्टर. वर रुंद ती गाठ, खाली लांब पट्टी, शेवटी हे टोक. टोकावर दाबायचं नाही, आत यकृत आहे. आता गळ्याखालच्या खळगीतून बोट खाली न्या. उंचवटा लागला? त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. मोजायला तिथून लागायचं. पहिली लाजाळू, गळ्याच्या आडव्या हाडामागे लपते."

मुलगी हसली.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या हाडांच्या खोलीत शिपाई म्हणून त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. हाडं पुसायची, मोडलेली चिकटवायची, कपाटात लावायची. शिकवणं कानावर पडून पडून सगळं पाठ झालेलं. हाडांचे काका म्हणून हाडेकाका; खरं आडनाव कुणी कधी विचारलं नाही. मूलबाळ नव्हतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते सुटीच्या दिवशीही खोली उघडून बसत. आजही सुटीच होती. परीक्षा तोंडावर आली म्हणून ही एकटी मुलगी आली होती.

तिने कोपऱ्यातला सरावाचा रबरी पुतळा ओढून जमिनीवर आडवा केला.

"हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात ना, तेव्हा काही मोडलं तर हो काका?"

काका हातातलं हाड पुसत राहिले.

"कट्ट असा आवाज येतो," ते म्हणाले. "आमची ही स्वयंपाकघरात कोसळली. जागा मला ठाऊकच होती, लगेच दाबायला लागलो. पंधरा-वीस वेळा झालं असेल. तो आवाज आला आणि माझे हात मागे आले. वाटलं, हिला दुखलं."

"मग?"

"मग काय. शेजारचे येईपर्यंत तिचा हात धरून बसलो."

"तुम्ही दाबत राहिला असतात तरी कदाचित…"

"असेलही. पण तुम्ही थांबू नका, डॉक्टर. मोडलं तर मोडू द्या. हाड जुळतं."

गुडघ्यावर हात टेकत ते पुतळ्याशेजारी बसले. तिचे तळहात एकावर एक ठेवून त्यांनी बरोबर जागेवर नेले.

"कोपरं ताठ. हं. एक… दोन…"

तिसाला थांबून श्वास द्यायचा असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. तीस झाले. काका एकतीस म्हणाले.

मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती दाबत राहिली.