न्यायला कधी येणार?

अनगोळात शालूबाई नोकरीवाल्या बायकांची पोरं घरी सांभाळायची. रविवारी तिची लेक तेजस्वी पहिल्यांदाच बाळाला घेऊन निपाणीहून माहेरी आली. शालूबाईनं दारातच बाळ काखेला मारलं, पिशवीत दुधाची बाटली आणि जादा कपडे आहेत का ते चाचपलं आणि विचारलं, "न्यायला कधी येणार?"

तेजस्वी उंबऱ्याबाहेरच थबकली. "आई, मी ऱ्हायला आलोय गं."

बाळावरून भाकरतुकडा ओवाळायचाही राहिला होता. शालूबाईनं तो आणून ओवाळला, लांब टाकला आणि हात धुतले.

"गल्लीतल्या सुविधाला फोन लाव," ती म्हणाली. "तिच्या मेसमधी चपात्या लाटायला बाई पायजे का, इचार. मी येतो म्हणावं."

"आणि पोरं?"

"पोरंच दिसंनात गं आता. नुसत्या पिशव्या दिसत्यात."