बाबांच्या बाजूने झुकलेला काटा

सातवा प्रश्न असा होता : ‘स्वतःच्या घरात वाट चुकतात का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, की नेहमी?’

मी म्हणाले, “कधीच नाही.”

त्याच दिवशी सकाळी बाबांनी बाथरूम समजून कपाटाचं दार उघडलं होतं. आत माझा लांब कोट टांगलेला होता. त्याला “माफ करा” म्हणून त्यांनी दार अदबीनं परत लावलं आणि बाहेर उभे राहिले, आतला माणूस निघायची वाट बघत. मी स्वयंपाकघरातून हे सगळं पाहिलं होतं.

स्मृतिभ्रंशाची, म्हणजे अल्झायमरची, चाहूल रक्ताच्या साध्या चाचणीतून लवकर लागू शकेल का, हे शोधणारं ते संशोधन होतं. दर सहा महिन्यांनी बाबांचं थोडं रक्त घ्यायचे, एका खोलीत त्यांची स्मरणाची परीक्षा व्हायची आणि शेजारच्या खोलीत मला तीस प्रश्न विचारले जायचे. रक्त काय सांगतं आणि घरचं माणूस काय सांगतं, हे मग ताडून पाहायचं. चाचणीवर भरवसा ठेवायचा की नाही, ते बरंचसं आमच्या उत्तरांवर ठरणार होतं. हे मला पहिल्या दिवशी नीट समजावलं गेलं होतं आणि नीट समजलंही होतं. या आजाराबद्दल हाती लागेल ते मी वाचत होते. तरीही भिंतीपलीकडे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असताना एका परक्या बाईला ती कोटाची गोष्ट सांगणं मला चुगलीसारखं वाटलं. म्हणून पहिलं उत्तर खोटं दिलं. ते सांभाळायला दुसरं. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा मागच्या उत्तरांशी जुळावं म्हणून पुन्हा तेच. असं पाच वेळा.

बाबांना जाऊन चार महिने झाले आणि त्या संशोधन केंद्रातून पत्र आलं. शेवटची एक मुलाखत द्यायला या, महिनाअखेरीला माहितीची नोंद बंद होईल. खाली आणखी दोन ओळी होत्या : काही मोजक्या घरांत रक्त एक सांगतं आणि घरचे दुसरं. रक्ताची चाचणी कितपत विश्वासाची आहे हे ठरवताना ही घरं विचारात घेतली जातील.

ते पत्र मी आठवडाभर फळीवर ठेवलं. त्या मोजक्या घरांत आमचं घर होतं, याबद्दल मला शंका नव्हती. बाबांचं रक्त खरं बोलत होतं आणि मी त्याला खोटं पाडत होते. माझ्यामुळे एखादी चांगली चाचणी मागे पडली, तर कुठल्या तरी घरात कुणाला तरी आमच्यासारखंच उशिरा कळेल. दुःखाला मी एव्हाना सरावले होते, पण हे गळ्याखाली उतरेना.

शेवटी गेले. कॉरिडॉर तसाच होता. जोडून ठेवलेल्या निळ्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, कोपऱ्यात वजनाचा काटा. बाबांची सगळी नोकरी वजनं आणि काटे तपासण्यात गेली. पितळी वजनांची पेटी घेऊन ते दुकानोदुकानी फिरायचे. इथं पहिल्यांदा आले तेव्हा त्या काट्यावर उभे राहून, उतरून, पुन्हा उभे राहून म्हणाले होते, “चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय.” माझा जीव शरमेनं अर्धा झाला. पण तिथल्यांनी तपासून पाहिलं तर खरंच चारशे ग्रॅम निघाले. नवा काटा आणा म्हणून कुणीतरी म्हणालं, तर बाबांनी हात हलवला. “कशाला? दर वेळी चारशेच दाखवतो ना? मग वजा करा. ज्याची चूक रोज वेगळी, तो भंगारात घालायचा.” काट्यावर तेव्हा चिकटवलेली चिठ्ठी अजून होती : ‘चारशे ग्रॅम वजा करावे.’

प्रश्न विचारणाऱ्या बाईंना बाबा परीक्षकबाई म्हणायचे. त्या समोर कागद लावून बसल्या होत्या.

“मला आधी काहीतरी सांगायचंय,” मी म्हणाले.

“बसा तर खरं, ताई.”

“मी खोटी उत्तरं दिली. पाचही वेळा.”

“हो,” परीक्षकबाई म्हणाल्या. “पाणी घेणार?”

“तुमच्या लक्षात आलं नाही बहुतेक. बाबा बरे आहेत असं मी सांगत होते. ते बरे नव्हते.”

“आलं लक्षात. दुसऱ्या भेटीपासून माहितीये आम्हाला.” त्या उठल्या, कपाटातून एक फाइल काढली आणि बंद ठेवूनच माझ्यापुढे बसल्या. “तुम्ही आपणहून विचाराल तरच हे सांगायचं असं ठरलं होतं. दुसऱ्या वेळी तुम्ही इकडे होतात, तेव्हा तुमचे बाबा तिकडे माझ्या सहकाऱ्याला म्हणाले, ‘माझी मुलगी पलीकडे माझी वकिली करत असेल. तिचा काटा चांगला आहे, पण माझ्या बाजूनं झुकतो. किती झुकतो ते मोजून घ्या.’”

मी खुर्ची पुढे ओढली.

“कसं मोजू म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘माझ्या बहिणीला फोन करा. तिनं मला जन्मात कधी सूट दिलेली नाही.’”

“त्यांना कळलं कसं पण? मी तर घरी कधी…”

परीक्षकबाई थोड्या हसल्या. “पहिल्या वेळी इथून बाहेर पडल्यावर तुम्ही त्यांना बिस्किटांचे दोन पुडे घेऊन दिलेत. काही लबाडी करून आली की ती मला खाऊ घालते, लहानपणापासूनची खोड आहे, असं म्हणाले.”

त्यांनी फाइल उघडून एक कागद माझ्याकडे सरकवला. बाबांचं अक्षर. ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. ‘मुलगी विचारायला आली तर हे दाखवावे. नाही आली तर त्रास देऊ नये. ती येईल.’ खाली सही आणि तारीख. तारीख बरोबर होती, वर्ष मात्र तेवीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा ते नोकरीत होते आणि आई होती. त्या आकड्यावर मी बराच वेळ बोट ठेवून होते. ज्या माणसाला साल कुठलं ते सांगता येत नव्हतं, त्याला मी काय करणार हे पक्कं माहीत होतं.

“मग नुकसान…” मी म्हणाले.

“कसलं? तुमची आणि आत्यांची उत्तरं शेजारी ठेवली की दर वेळी सहा-सात गुणांचा फरक. एकदाही कमी-जास्त नाही. इतकं नेमानं खोटं बोलणारं माणूस मी पाहिलं नाही.” त्या हे इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच. “रक्त आणि आत्या एकच बोलत होते. आणि तुमच्या बाबांमुळे आम्ही इतर घरांतही दुसऱ्या माणसाला विचारायला लागलो. अकरा घरांत असेच प्रेमळ काटे सापडले.”

मी फोन करून येते म्हणून कॉरिडॉरमध्ये आले. आत्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

“कळलं वाटतं,” ती म्हणाली.

“आत्या, दोन वर्षं तू मला एका शब्दानं बोलली नाहीस.”

“तुझ्या बापानं शपथ घातली होती. आणि तुला सांगितलं असतं तर तू माझाही पेपर फोडला असतास.”

“काय काय सांगितलंस त्यांना?”

“दिसलं ते. मला दोनदा आई म्हणाला ते. चहात मीठ घातलं ते. कोटाला माफ करा म्हणाला तेही.”

मी खुर्चीवर बसले. “ते तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. त्याच दिवशी दुपारी फोन केला होता. हसून हसून बेजार. म्हणाला, कोट फार सभ्य निघाला गं, एका शब्दानं उलट बोलला नाही. आणि म्हणाला, चिमणीनं पाहिलंय, पण पाहिलं नाही असं दाखवतेय, तू काही बोलू नकोस.” मग तिनं विचारलं, “जेवलीस का काही?”

“बघते.”

“बघते नाही. जेव.”

इतके दिवस त्या सकाळचं माझ्या डोळ्यापुढचं चित्र एकच होतं : बंद दारापुढे ताटकळलेला एक म्हातारा माणूस. त्याला नंतर हसू आलं असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मी आत गेले. “मागचं सगळं आठवून नीट भरून देऊ का?”

“नको. मागचं आहे तसं राहू दे, त्याची वजाबाकी करता येते. आता आठवून भरलंत तर तो तिसराच काटा होईल.” परीक्षकबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. “आज मात्र शेवटच्या महिन्यांबद्दल विचारायचंय. हवं तसं सांगा. आत्यांची उत्तरं परवाच आली आहेत.”

“खरं सांगते.”

“मग तसा शेरा मारते वर.” त्यांनी मारला.

पहिले सहा प्रश्न लवकर झाले. मग सातवा. त्यांनी तो पूर्ण वाचून दाखवला, चारही पर्यायांसकट, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा.

“नेहमी,” मी म्हणाले. त्यांनी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. “थांबा. एकदा काय झालं, घरात माझा एक कोट होता…”

“त्याला इथे जागा नाहीये,” परीक्षकबाई म्हणाल्या. त्यांनी कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि पेन टेकवलं. “हं. सांगा.”