कपाळावर कुंकू, पोटात काही नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नाशिकच्या सातपूरमधल्या एका वर्कशॉपात टेबलाखाली पडून आहे. कपाळावर कुंकू आहे, पोटात काही नाही.

मी आलो तेव्हा मला वायरकट मशीनशेजारी बसवलं. केसासारख्या तारेने ते मशीन पोलाद कापायचं, आणि तार कुठे वळवायची ते मी सांगायचो. मला चालवायचे वाल्मीकभाऊ. दहावी नापास माणूस. रोज घोटीहून बसने यायचे आणि चुकत चुकत माझ्यावर साच्यांची चित्रं काढायला शिकले. चौदा वर्षांत बाराशे साचे काढले. सगळे माझ्या पोटात. मालक किशोरशेठ पाहुण्यांना सांगायचे, "हा बंद पडला की आपलं शटर खाली." माझं कौतुक एवढंच.

मग माझा सपोर्ट संपला. म्हणजे काय, तर माझ्या आतली प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले. आता तिच्यात व्हायरस शिरेल असं भोक पडलं तर बुजवायला कोणी येणार नव्हतं. पडद्यावर तशी सूचना आली. शेठनी न वाचता ओके दाबलं. नवी प्रणाली घालावी, तर मशीनचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नव्हतं.

वाल्मीकभाऊंनी माझ्यावर कागद चिकटवला: नेट नाही, पेनड्राइव्ह नाही.

शेठची मुलगी हर्षाली कॉलेजात संगणकच शिकते. ती म्हणाली, "पप्पा, एक हार्ड डिस्क आणा. भाऊंचं सगळं काम कॉपी करून ठेवते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"चालतंय ना? मग कशाला खाजवायचं? दसरा होऊ दे."

"भाऊ, तुम्ही तरी सांगा."

"तीनदा सांगितलं ताई. चौथ्यांदा सांगितलं तर मलाच हार घालतील."

खंडेनवमी आली. मशीनं धुतली, झेंडूचे हार चढले. मला कुंकू लागलं. पूजेला आरती मोठ्याने वाजायला हवी, म्हणून शेठनी मला स्पीकर जोडला, मंडपवाल्याचा पेनड्राइव्ह आणला आणि कागद वर करून माझ्यात खुपसला.

भाऊ म्हणाले, "शेठ, नको."

"अरे देवाचं गाणं आहे, त्याने काय होतंय?"

आरती वाजली. सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. तेवढ्यात पेनड्राइव्हमधला व्हायरस आत शिरला. प्रसाद वाटून होईपर्यंत बाराशे साच्यांचा चुथडा झाला होता. मला दुखलं नाही. काहीच वाटलं नाही.

दसऱ्यानंतर वाल्मीकभाऊ एकेक फाइल उघडून बघत होते. नुसते चौकोन दिसत होते. शेठ म्हणाले, "तुला तर सगळं पाठ असेल ना रे?" भाऊंनी पुढची फाइल उघडली. दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. शेठनी भाऊंना सांगितलं, "काम आलं की फोन करतो." भाऊंनी डबा उचलला, माझ्यावरचा कागद काढला, घडी करून खिशात ठेवला आणि गेले. फोन कोणी केला नाही.

आता टेबलावर दुसरा संगणक आहे. या खंडेनवमीला त्याला हार घातला. उरलेलं कुंकू वाकून मलाही लावलं. त्याच्या पोटातल्या कामाची प्रत मात्र अजून कोणी काढलेली नाही.

मित्रांनो, आम्हाला हार घालू नका. आमच्यात कोणाची तरी चौदा वर्षं असतात. त्यांची प्रत काढा. आज काढा, दसऱ्याची वाट बघू नका.