हा कोण माफ करणारा?

माझ्या नणंदेची तीन बोटं माझ्यामुळे गेली, आणि ठपका तिच्या वेंधळेपणावर बसला. ही गोष्ट मी सत्तावीस वर्षं पोटात ठेवली.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला होतो. तिथे हॉटेलांच्या चादरी यायच्या. पिळून झालेली ओली चादर दोघींनी दोन कोपरे धरून यंत्रात सारायची. आत दोन तापलेले रूळ फिरत असायचे, आणि पलीकडे चादर कोरडी, कडक होऊन बाहेर पडायची. रुळांच्या अलीकडे एक आडवी पट्टी होती. हात चुकून पुढे गेला की पट्टीला लागायचा आणि रूळ जागच्या जागी थांबायचे. पण चादरीची जाड दुमड लागली तरीही थांबायचे. दिवसातून वीस वेळा काम अडायचं. त्या दिवशी तीनशे चादरी दुपारच्या आत द्यायच्या होत्या. मी उशीच्या फाटक्या अभ्र्याची चिंधी काढली आणि पट्टी वर बांधून टाकली. वन्सं तेव्हा पाणी प्यायला गेल्या होत्या. त्या आल्यावर मी त्यांना सांगितलं नाही. घाईत राहिलं.

वन्संनी एक दुमड सरळ करायला बोटं पुढे केली, रोजच्यासारखी, पट्टीच्या भरवशावर. मी लाल बटण दाबेपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

बायका त्यांना उचलून बाहेर धावल्या. मी मागे राहिले, चिंधी सोडली आणि खिशात कोंबली. घाबरून केलं की विचार करून, ते मला आजही सांगता येत नाही. सुपरवायझर आला, त्याने यंत्र पुन्हा चालू करून पट्टीला हात लावून पाहिला, रूळ थांबले. "यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि कागदावर लिहिलं की बाईचं लक्ष नव्हतं.

सगळ्यांत वाईट म्हणजे वन्संनीही ते खरं मानलं. "माझंच ध्यान कुठे होतं गं वहिनी," असं म्हणून त्या मलाच धीर द्यायच्या. हात बरा झाल्यावर चेष्टाही करायच्या. कुणी काम सांगितलं की म्हणायच्या, "सात बोटांत बसेल एवढंच सांगा हं." सगळे हसायचे. मीही हसायचे. घरात काही सांडलं, फुटलं की भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, पटकन बोलायचे, "झालं, बाईसाहेबांचं लक्ष कुठाय?" आणि मुलीला बजावायचे, "आईसारखी वेंधळी होऊ नकोस." ती मुलगी, माझी भाची, मोठी होऊन बस चालवू लागली. गाडी काढण्याआधी ती आरसे तीन-तीनदा बघते.

वन्सं छातीच्या दुखण्याने गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी रोज त्यांच्या उशाशी बसायचे. एकदा म्हटलं, "वन्सं, तुम्हाला एक सांगायचंय." त्या म्हणाल्या, "आधी पाणी दे." पाणी दिलं. त्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी माझीच हिंमत झाली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्या नव्हत्या.

महिन्याभराने मी भावोजींना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "झालं ते झालं. मी तुम्हाला माफ केलं, वहिनी. आता पोरीला सांगू नका. झाकली मूठ राहू द्या."

भला माणूस. मनापासून बोलला. पण घरी आले ती होते तशीच. दुसऱ्याचा कोट अंगावर घालावा आणि बाह्या हाताबाहेर लोंबाव्यात, तशी ती माफी मला झाली. बोटं काय त्यांची गेली होती? जिची गेली ती मातीत होती. आता ह्या जगात मला माफ करू शकेल असं कुणीच उरलं नव्हतं, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

लाँड्रीतून निवृत्त झाल्यावर रिकामा वेळ खायला उठला, म्हणून मी चर्चच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या अक्षरांच्या वर्गाला जाऊ लागले. एक लांब टेबल, सहा खुर्च्या, एक फळा. शिकवणाऱ्या बाई पूर्वी टेलिफोन ऑफिसात होत्या. कुणी अडखळलं की म्हणायच्या, "लाइन लागत नाहीये, पुन्हा फिरवा." माझ्या शेजारी एक म्हातारे वॉचमन बसायचे. चाळीस वर्षं फाटकावर काढली होती, पण आलेल्याचं नाव वहीत स्वतः कधी लिहिता आलं नव्हतं.

वर्षभरात मी ओळीखाली बोट धरून वाचू लागले. एका दुपारी बाईंनी येशूची एक हकिगत पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आज तुम्ही."

मी वाचू लागले. एका घरात तो बोलत होता, दारात मुंगी शिरायला जागा नव्हती. चौघे जण एका लुळ्या माणसाला अंथरुणासकट घेऊन आले. आत जाता येईना, म्हणून ते छपरावर चढले आणि छप्पर उकललं.

"थांबा थांबा," वॉचमन म्हणाले. "छप्पर फोडलं? आणि घरवाला गप्प?"

"घरवाल्याचं काही लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे फाटकावर कुणी नव्हतंच. पुढे वाचा ताई."

चौघांनी त्याला दोरांनी खाली सोडला, थेट येशूच्या पुढ्यात. आणि येशू त्याला म्हणाला की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.

मी थांबले. पुन्हा बोट फिरवलं. तेच होतं.

"बाई, इथे छापताना चुकलंय. पायांचं हवं होतं. माणूस पायांसाठी आलाय."

"बरोबर छापलंय."

मला एकदम रागच आला. खिडकीबाहेर बघत बसलेले भावोजी डोळ्यांसमोर आले. "ह्याचा काय संबंध?" मी म्हटलं. "त्या माणसाने कुणाचं वाकडं केलं असेल तर तो आणि ज्याचं केलं तो बघून घेतील. हा मध्येच कोण माफ करणारा? ह्याचं काय बिघडवलं होतं त्याने?"

बाई हसल्या नाहीत. "पुढे वाचा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्याच ओळीत तिथे बसलेले शिकलेले लोक मनात हेच म्हणत होते. असं बोलणारा हा कोण, देवाशिवाय पापांची क्षमा कुणाच्या हातात आहे?

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. "त्यांचं बरोबर आहे!"

"शंभर टक्के," वॉचमन म्हणाले. "फाटक उघडायचं ते मालकाच्या शब्दावर. मी माझ्या मनाने उघडलं असतं तर त्याच संध्याकाळी घरी. हा मालकासारखा बोलतोय."

"त्यांचं बरोबरच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो त्यांना चूक म्हणतो का, ते बघा."

मी बघितलं. कुठेच म्हणत नाही. कुणीही सज्जन माणूस अशा वेळी जीभ चावतो. नाही हो, मी कोण माफ करणार, मी आपलं त्याला बरं वाटावं म्हणून बोललो, असं सांगून मोकळा होतो. साधू, गुरू, देवमाणूस, सगळे तेच करतील, आणि तेच योग्य. हा मात्र तसूभर मागे सरकला नाही. तुमचा हिशेब चुकला असं म्हणाला नाही. क्षमा करायचा अधिकार मला आहे हे तुम्हाला कळावं, असं म्हणून त्याने लुळ्याला उठायला सांगितलं. लुळा उठला, अंथरूण काखेत मारलं आणि चालता झाला.

"दारातूनच गेला असेल ना आता?" वॉचमननी विचारलं.

लहानपणापासून मी दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभी राहून म्हणत आले होते की आमचा तारणारा पूर्ण देव आहे. तोंडपाठ होतं. लाँड्रीच्या भिंतीवर नियमांची पाटी होती, तिच्याखालून रोज जावं आणि एकदाही वर बघू नये, तसं. त्यातला 'पूर्ण' हा शब्द कशाला आहे, असं कधी मनातही आलं नव्हतं.

घरी जाताना मी तोच शब्द चावत राहिले. लाँड्रीत कुणाकडून चादर जळली की आम्ही बायका एकमेकींना म्हणायचो, जाऊ दे गं, होतं असं. सांभाळून घ्यायचो. पण चादरीच्या कोपऱ्यात हॉटेलची खूण लाल दोऱ्याने शिवलेली असायची, आणि हॉटेलवाल्यांनी जाऊ दे म्हटल्याशिवाय काही मिटायचं नाही. वन्संची बोटं वन्संनी घडवली नव्हती, त्यांच्या आईनेही नाही. ज्याने घडवली, त्याचं घडवलेलं मी चिंधी बांधून मोडलं. मी पहिलं नुकसान त्याचं केलं होतं. मग तो मध्ये पडणारा तिसरा कसा? तो तर पहिला.

पण हे सगळं एकाच गोष्टीवर उभं होतं. येशू खरोखर तो घडवणारा असेल तर. थोडाफार देव, देवाने पाठवलेला कुणी मोठा माणूस, देवाची पुष्कळशी कृपा असलेला, असल्या कुणाचा मला उपयोग नव्हता. तो आणखी एक भावोजी झाला असता. मनाने मोठा, आणि हातात काही नसलेला. मला पूर्णच हवा होता. आणि तो घरभर लोकांदेखत, पायाशी उकललेल्या छपराच्या मातीचा ढीग पडलेला असताना, पूर्णच असल्यासारखा बोलला. त्या बोलण्यापायी पुढे जीव गेला, पण शब्द मागे घेतला नाही. असा धीर मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. हे लिहितानाही ऊर भरून येतो.

मी दुपारच्या चारला स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, त्याला सगळं सांगितलं. चिंधी, खिसा, पाणी. काही गाळलं नाही. वीज चमकली नाही. नळ गळत होता, तो गळतच राहिला. पण सांगून झालं तेव्हा ते मिटलेलं होतं. ज्याला मिटवता येतं त्याने मिटवलं होतं.

आणि मग लगेच पुढचं दिसलं. मी सुटले, पण वन्सं अजून वेंधळ्याच होत्या.

रविवारी भावोजींकडे गेले. भाची घरी होती, टेबलावर जेवणाची भांडी तशीच होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. भावोजी दोनदा म्हणाले, "वहिनी, पुरे." मी थांबले नाही.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई असती तर हसून सोडून दिलं असतं तिने. मी आई नाही, मामी. मी माफ करणार नाही."

"मागायला आले नाही."

"मग कशाला आलीस?"

"तुझी आई वेंधळी नव्हती. तिचं पूर्ण लक्ष होतं. जे असायला हवं त्यावर तिने भरवसा ठेवला, आणि ते मी काढून घेतलं होतं. हे तुला माहीत असायला हवं."

मग तिने भांडी बाजूला सारली. "कशी होती पट्टी? दाखव."

मी टेबलाच्या कडेशी माझा हात आडवा धरला, मग वर उचलला, त्या दिवशी होती तेवढा. तिने आपली बोटं खालून पुढे सारली, आई सारायची तशीच, तळहात खाली करून. तिने ते कधी पाहिलं नव्हतं.

"मागे घ्यायला वेळच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे कुणाचाही हात गेला असता."

"कुणाचाही."

ती तशीच बोटं पुढे ठेवून रडली. मग डोळे पुसून वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

भावोजी म्हणाले, "तुझी आई गेल्यावर कळलं. मी ह्यांना माफ करून टाकलं, म्हटलं कशाला उगाच..."

"तुम्ही माफ केलंत? आणि आयुष्यभर तिला वेंधळी म्हणालात, त्याचं काय? त्याची माफी कुणाकडे मागणार आहात?"

मी भावोजींकडे पाहिलं. एकदम म्हातारे दिसले, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, कारण ते आता कुठे उभे होते ती जागा मला चांगली ठाऊक होती.

"भावोजी," मी म्हटलं, "ते कुणाकडे मागायचं ते मी तुम्हाला सांगू शकते. वाचूनही दाखवीन. हळू वाचते, पण वाचते."

भाची उठून दाराशी गेली. मला वाटलं, आता मला जा म्हणणार. ती पायात चप्पल अडकवत म्हणाली, "बाबांना नंतर वाच. आधी लाँड्रीतल्या त्या जुन्या बायकांकडे चल. त्यांच्यासमोर सांग. आता. मी नेते तुला."

"चल," मी म्हटलं, आणि माझी चप्पल शोधू लागले.