केरबाचं नाक

“सर, तुमी अंडं खाता का?”

केरबा माझ्या कानाशी येऊन इतक्या हळू बोलला की मला वाटलं, कुठे चोरून खायचा बेत आहे.

“नाही,” मी म्हणालो.

“कवाच न्हाई?”

“एखाद्या केकमधून पोटात गेलं असेल तर माहीत नाही.”

“नासल्यालं अंडं तरी हुंगलंय का?”

न खाणाऱ्याच्या घरात अंडं नासायला कुठून येणार? मी तसं सांगितलं. केरबानं हातातला पाना कपाळाला टेकवला. “आता आली का पंचाईत!”

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत केरबाचं गॅरेज आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. माझी जुनी स्कूटर विश्रामबागेतून तिथवर जाते आणि तिथेच दमते, त्यामुळे गॅरेजमधली एक खुर्ची जवळजवळ माझीच झाली आहे. पुस्तक उघडून बसलं की कुणी काही विचारत नाही. मला गाड्यांमधलं काही कळत नाही; पुस्तकांमधलं तरी किती कळलं, याची शंकाच आहे. केरबाचं तसं नव्हतं. त्याचं नाक सांगली-मिरजेत प्रसिद्ध होतं. गाडी फाटकातून आत येता येता तो सांगायचा, “क्लच जळालाय,” नाहीतर “ऑइल पितंय इंजिन.” लोक बॉनेट उघडण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघायचे.

त्या दिवशी समोर भाऊसोचा सीएनजीवरचा छोटा ट्रक उभा होता. भाऊसो पोल्ट्रीतून अंडी उचलून दुकानांना पोचवतो. ट्रकच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. आधीच्या मेस्त्रीनं दोनदा धुरावर नजर ठेवणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला, आणि दोन्ही वेळा दिवा पुन्हा लागला. पण भाऊसोचं दुखणं दिव्याचं नव्हतंच.

“केरबा, गाडी दारात लागली की दुकानदार नाक धरत्यात. म्हणत्यात, नासकी अंडी आणलीस. पोल्ट्रीवाल्याशी भांडलो, दुसरी पोल्ट्री धरली, तर तिथंबी त्येच! निम्मा माल माघारी येतोय. आता हौदा धुऊन गाडी मोकळी आणलीया. तू फकस्त वास घिऊन सांग, हौद्यातनं येतोय का सायलेन्सरातनं.”

“तुलाच कळंना व्हय?”

“मी जलमभर अंड्यात. मला कसला वास येतोय?”

केरबानं गंभीर चेहऱ्यानं ट्रकभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे येऊन तो अंड्याचा प्रश्न विचारला. आता तो आणखी खाली वाकला.

“मला वास येत न्हाई सर. मदी ताप आल्ता, तवापास्नं गेलाय. परवा आंबल्याली आमटी वरपली, तवा आमच्या रंगूनं वळखलं. तिच्याबिगर कुणाला म्हाईत न्हाई. ह्ये भायेर फुटलं तर हितं गाडी कोण आणंल? समदी नाकासाठीच येत्यात.”

“अहो, पण मी...”

“तुमी फकस्त हुंगा आन् डोळ्यानं खुणवा.”

मला बाजारात खरबूजसुद्धा हुंगून घेता येत नाही. पण नाही म्हणणं मला त्याहून अवघड जातं. मी उठलो.

“ह्ये पावनं कोण?” भाऊसोनं विचारलं.

“कालिजातलं सर हायत,” केरबा म्हणाला. “धुराचा अभ्यास हाय त्यांचा.”

भाऊसोनं लगेच हात जोडले, माझी खुर्ची उचलली आणि थेट सायलेन्सरमागे नेऊन ठेवली. “बसा सर. निवांत घ्या वास.” मग त्यानं इंजिन चालू केलं.

मी बसलो. फाटकाबाहेरून कामावर चाललेल्या एका दुचाकीवाल्यानं वेग कमी करून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. वास होता, यात संशय नव्हता. पण कसला? नासक्या अंड्याचा असेलही, मी शपथेवर सांगू शकत नव्हतो. ओळखीचा मात्र होता, आणि तोही जेवणाच्या ताटातला.

“बोला की सर,” भाऊसो म्हणाला.

डोळ्यांनी कसं खुणवायचं ते मला सुचेना. “मला वाटतं... म्हणजे चूकही असेल... ताकात घालतात ते पादेलोण असतं ना, तसा काहीसा.”

“पादेलोण?” भाऊसो खचलाच. “आता मसालंवाल्याशी भांडू व्हय?”

तेवढ्यात गॅरेजमागच्या घरातून केरबाची बायको, रंगूबाई, चहा घेऊन आली आणि तिनं पदर नाकाला लावला. “अगाई! नासकी अंडी पेटवलीसा का काय? पार चुलीपातूर वास आलाय. ह्यांस्नी येत न्हाई म्हणून आमालाबी येत न्हाई व्हय?”

भाऊसोनं इंजिन बंद केलं. “काय येत न्हाई?”

रंगूबाईनं जीभ चावली. केरबा फडक्याला हात पुसत राहिला.

“वास,” तो म्हणाला. “मला वास येत न्हाई, भाऊसो. लय दिस झालं.”

“मंग मगाशी गाडीला प्रदक्षिणा कशाला घातलीस?”

“देवाला इनवीत हुतो. एकडाव दे म्हणलं.”

भाऊसोला हसू आलं, पण त्यानं किल्ली काढून खिशात टाकली. “हायवेच्या वर्कशापात न्हेतो गड्या. राग मानू नगंस.”

“न्हे. पर जायच्या आदी एक ऐकून जा.”

केरबा रबरी हातोडी घेऊन ट्रकखाली सरकला. सायलेन्सरच्या अलीकडे धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यावर त्यानं हलकेच दोन टोले दिले. आत खडे भरल्यासारखं काहीतरी खुळखुळलं.

“ऐकलंस? ह्यात मधाच्या पोळ्यावाणी जाळी असती. तिचा चुरा झालाय, म्हणून धूर गॅसच्या घाण वासासकट तसाच भायेर येतोय. सेन्सर बिचारा खरं बोलत हुता, आन् तुमी त्यालाच बदलत बसला! एखादा प्लग नीट पेटत नसंल. न जळल्याला गॅस हितं यिऊन जळला, जाळी वितळली. आदी त्यो प्लग बघू, मग डबा. उलटं केलं तर नवा डबाबी जाईल.”

भाऊसोनं पुन्हा वाजवायला लावलं. मग पांढऱ्या शर्टासकट स्वतः खाली शिरला आणि वाजवत बसला. “आयला, खुळखुळ्यावाणी वाजतंय की!” बाहेर येऊन त्यानं किल्ली केरबाच्या हातावर ठेवली. “नवा डबा कुठं मिळंल सांग. घिऊन येतो.”

“आन् ह्ये सरांचं पादेलोण?” जाता जाता त्यानं विचारलं.

“आवं, पादेलोणाला नासक्या अंड्यावाणीच वास असतोय,” रंगूबाई म्हणाली. “बराबर वळखलं सरांनी.”

इतक्या ठामपणे मला आजवर कुणीच बरोबर ठरवलं नव्हतं. मी उगाचच चष्मा पुसला.

“नाकाचं कुणाला बोलू नगंस रं,” केरबा म्हणाला.

“मी? मी कशाला बोलतोय!” भाऊसो इतक्या मोठ्यानं म्हणाला की संध्याकाळपर्यंत सगळ्या कुपवाडात बोभाटा होणार, हे आम्हा तिघांनाही कळलं.

तो गेला. रंगूबाईही कपबशा घेऊन आत गेली. केरबा दारातल्या पायरीवर बसला. मागच्या घरात कढईत कालथा फिरू लागला, तसे त्यानं कान टवकारले.

“शेंगदाणं भाजतीया न्हवं?”

“हो.”

“करपाय लागलं की सांगा. इचारात गुतली की तिला भान ऱ्हात न्हाई. वास घिऊन हितनं हाक मारायचं काम माझंच हुतं.”

मी डोळे मिटले. चुकायची भीती वाटत होती. वास आधी गोडसर होता, मग खरपूस झाला, मग त्याला किंचित कडवट झाक आली.

“आता,” मी म्हणालो.

केरबानं मान मागे वळवली आणि हाक दिली, “रंगे, उतीर खाली! करपत्यात!”

आतला कालथा एकदम थांबला. कढई खाली ठेवल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.