तिरक्या अक्षराचा एक्स-रे

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर हाडवाले महाराज आणि त्यांच्यामागे दिवा लावलेल्या काचेवर दोन एक्स-रे. पहिल्यात कंबरेचे मणके काळपट, विरळ, जेमतेम दिसणारे. दुसऱ्यात तेच मणके पांढरेशुभ्र.

"अवघे एकवीस दिवस!" महाराज गरजले. "पोकळ हाड गच्च भरलं! डॉक्टर वर्षानुवर्षं गोळ्या चारतात, आमचं चूर्ण तीन आठवड्यांत काम फत्ते करतं. फेका त्या गोळ्या! फेका ती काठी!"

मणके माझ्या आईचे होते. तिने भरल्या डोळ्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि ती टाळ्यांच्या गजरात व्यासपीठाची पायरी चढली. माझी ड्यूटी चालू असताना हे दोन्ही फोटो कधी काढून झाले, मला पत्ताच नव्हता.

मी वीस वर्षं रुग्णालयात एक्स-रे काढते. फोटोच्या कोपऱ्यात डावी-उजवी बाजू सांगणारं शिशाचं अक्षर असतं. इथे दोन्ही फोटोंत ते तिरकं होतं. असं तिरकं चिकटवणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ. हे काम मीच त्याला शिकवलं आणि त्या अक्षरापायी त्याच्यावर हजारदा ओरडले.

तशीच त्याच्या एक्स-रे सेंटरवर गेले.

"आईचे फोटो तू काढलेस?"

"हो. महाराजांकडून रोज दहा-बारा पेशंट येतात, ताई. पहिल्या वेळी किरण जास्त सोडायचे, दुसऱ्या वेळी कमी. बाकी काही नाही."

"आईलाही तेच केलंस?"

तो फिल्मची कॅसेट पुसत राहिला. "तिला किती हुशारी वाटतेय ते बघ की."

किरण जास्त झाले की फिल्म काळी पडते, हाड विरल्यासारखं दिसतं. कमी पडले की सगळंच पांढरं, हाडासोबत मांससुद्धा. डॉक्टरांची फसगत होऊ नये म्हणून मी त्याला हे शिकवलं होतं. आणि ह्याने ते कुठे वापरलं!

घरी आईला म्हटलं, "ते फोटो खोटे आहेत."

"मशीन खोटं बोलत नाही असं तूच सांगायचीस ना? शिवाय काढलेत माझ्या लेकाने."

त्या लेकानेच फसवलं, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. ती चूक माझी.

चौथ्या दिवशी आई काठीविना न्हाणीघरात गेली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी तिला समजावलं, "आजी, हाड म्हणजे डागडुजी चाललेलं घर. काही पेशी जुना भाग पाडतात, काही नवा बांधतात. एका जागेची डागडुजी व्हायलाच तीन-चार महिने जातात. पाळी गेल्यावर पाडापाडी जास्त आणि बांधकाम कमी होतं. शिवाय रक्तात कॅल्शियम घटलं तर हृदयाचं, स्नायूंचं काम बिघडेल. म्हणून गळ्यातल्या चार इवल्या ग्रंथी ते हाडांतून काढायला लावतात. एकवीस दिवसांत गच्च भरायला हाड म्हणजे काय पोतं आहे?"

आईने मान हलवली. बाहेर येताच मला म्हणाली, "तुझी शंका माझ्या मनात शिरली, म्हणून मी पडले. गोळ्या नकोत. चूर्ण दुप्पट घेईन."

तेव्हा मात्र मी हाडाच्या डॉक्टरांची परवानगी काढली आणि रुग्णालयातल्या मशीनवर दोन फोटो काढले.

पुढच्या सभेला आई पहिल्या रांगेत, हात गळ्यात. धाकटा काचेपाशी फिल्म लावत होता. मी सरळ वर गेले आणि माझ्या दोन फिल्म लावल्या.

"बघा, हे हाड भरलं का?"

"भरलं!" सगळे ओरडले. महाराजांनीही हात उंचावला. "आमच्या चूर्णाचा प्रताप!"

मी पिशवीतून हाड काढलं. "हे खाटकाच्या दुकानातून आणलंय. ह्याला चूर्ण कोणी चारलं?"

महाराज चाचरले, "श्रद्धा असेल तर..."

"हाडाची श्रद्धा? दोन्ही फोटो एकाच दिवशी काढलेत, महाराज. मधल्या वेळात मी फक्त किरण कमी केले."

मागून कोणीतरी विचारलं, "मग आमचे फोटो कोणी काढले?"

आईने धाकट्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली.

"तू म्हणालास, आई, हलू नकोस, श्वास रोखून धर," आई हळू आवाजात म्हणाली. "मी दोन्ही वेळा रोखला रे. तुझा फोटो बिघडू नये म्हणून."

महाराज मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते. चूर्ण नंतर तपासून घेतलं, तो निव्वळ खडू निघाला.

आई आता गोळ्या घेते, काठी वापरते. धाकटा दाराशी येतो तेव्हा ती तोंड फिरवते, आणि मला तिची समजूत घालावीशी वाटत नाही. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कोणी आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा: दोन्ही वेळा किरण तेवढेच होते का? फोटो काढणारा घरचा असला तरी विचारा. आम्ही विचारलं नाही.