परकं केळफूल

नन्योंगाने चिमट्याने केळीची कोवळी फुलं उचलून काचपट्टीवर ठेवली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. काही केल्या जुळेना.

कर्दळ आणि केळ, फुलात काय कुठे यायचं ते ठरवणारी जनुकं दोघींत सारखीच. मग कर्दळीत पुंकेसरांच्या पाकळ्या झाल्या, केळीत का नाही? हा तिचा प्रबंध. मागच्या हंगामात आईच्या बागेतल्या, खूण बांधून ठेवलेल्या केळींनी सरळ उत्तर दिलं होतं. यंदाही केळफूल झाडावरच ठेवून आई उमलतील तशी फुलं काढायची आणि बसने पाठवायची. पण यंदा केळीतल्या त्या जनुकाच्या तीन प्रतींपैकी दोन अनोळखी!

"झाड जात बदलतं काय गं?" तिचे मार्गदर्शक डॉ. लुबेगा म्हणाले. "परीक्षकांना काय सांगशील, करणी झाली?"

"मलाच कळत नाहीये, सर."

"मग स्वतः जाऊन आण. या हंगामात जमलं नाही, तर शिष्यवृत्ती गेली समज."

मसाकाजवळच्या गावी पोचल्यावर तिने रीतीप्रमाणे गुडघे टेकून आईची विचारपूस केली आणि तडक बागेत शिरली. घडांखाली नुसते दांडे लोंबत होते.

"आई, केळफुलं कुठायत?"

आई चुलीकडे वळायला लागली.

"अगं, तुलाच विचारतेय!"

"तोडली. सगळं गाव तोडतंय. माशा त्या फुलांवरनंच मररोग आणतात, तुला काय मी सांगू? पलीकडे नाब्बोसाची अख्खी बाग बसली."

"मग मला पाठवलीस ती?"

"ओढ्याकाठच्या, दारू गाळतात त्या केळींची. त्यांना कोण विचारतंय! म्हटलं, केळफूल ते केळफूल. तुला नाही म्हणवेना गं."

हसावं की रडावं, नन्योंगाला कळेना. जातच निराळी! एवढं डोकं फोडलं ते दारूच्या केळींपायी! राग तर असा आला होता, पण काढायचा कुणावर?

"एक ठेवलंय," आई चाचरत म्हणाली. "त्या कडेच्या केळीला. शेजारीण रोज भांडते. लेकीच्या पदवीपायी आमच्या ताटातलं केळ्यांचं मातोके ओढशील म्हणते. भांडू दे. तुला हवं तोवर राहील ते."

हवं होतं महिनाभर. तेवढ्यात प्रबंध निभावला असता.

नन्योंगा त्या केळीखाली जाऊन उभी राहिली. केळफुलाचं एक जांभळं पान नुकतंच उघडलं होतं आणि आत माशा घोंघावत होत्या. कुंपणापलीकडे शेजारणीच्या केळी हिरव्यागार होत्या. सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आईचा तर समोरच होता.

मग तिने बेचक्याची काठी उचलली, दांड्यात अडकवली आणि पिरगळली. केळफूल धपकन खाली पडलं.

"अगं बाई! आणि तुझी शिष्यवृत्ती?"

"ओढ्याकाठच्या केळी कुठल्या, ते दाखव," नन्योंगा म्हणाली. "त्यांचीही तोडायला हवीत."